ज्या वहीला रकाना नाही

हूकचा नियम आपण सारेच शिकवतो. स्प्रिंगला वजने टांगायची, लांबी मोजायची, आलेख काढायचा. सरळ रेषा आली की तास संपला. पण रॉबर्ट हूक यांनी हा नियम पहिल्यांदा कसा छापला, हे सांगायला तासात वेळ उरत नाही. १६७६ मध्ये आपल्या एका पुस्तकाच्या शेवटी त्यांनी स्थितिस्थापकत्वाचा खरा सिद्धान्त आपल्याला सापडल्याचे जाहीर केले आणि सिद्धान्त म्हणून चौदा रोमन अक्षरे वर्णानुक्रमाने मांडून दिली. वाचणाऱ्याला त्यातून काही कळू नये अशीच योजना होती. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्यांनी ती अक्षरे जुळवून लॅटिन वाक्य दाखवले. त्याचा अर्थ, जशी वाढ तसे बल.

हा खटाटोप कशासाठी? मधल्या काळात दुसऱ्या कोणी हाच नियम मांडला, तर 'मला तो आधीच ठाऊक होता' असे अक्षरे दाखवून म्हणता यावे. शोध आपल्या नावावर राहावा आणि कोणाला वापरताही येऊ नये, अशी ही कुलूपबंद पेटी होती.

नवल असे की या रोगावर औषध तेव्हा निघालेले होते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ च्या मार्चमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केले होते. जो आपले काम आधी उघड करील त्याचा शोध, असा सौदा त्यातून हळूहळू रूढ झाला. शास्त्रज्ञ एकाएकी उदार झाले म्हणून विज्ञान उघडे झाले नाही. उघड करण्यालाच मान जोडला गेला, म्हणून झाले. हूक तर त्याच सोसायटीचे प्रयोगप्रमुख होते. पण १६७५ मध्ये घड्याळाच्या स्प्रिंगवरून हायगेन्स यांच्याशी त्यांचा वाद पेटला होता आणि आपली कल्पना ओल्डेनबर्ग यांनीच बाहेर पोचवली असा त्यांना संशय होता. श्रेय मिळेल याची खात्री नसली की माणूस कुलूप शोधतो.

हे सगळे आठवायला कारण घडले ते आमच्या मंगळवार पेठेत. गेल्या पावसाळ्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. मिरजकर तिकटीपासून चालत येताना तो चिंब भिजला होता, पण पिशवीतल्या सहा वह्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोरड्या ठेवल्या होत्या. एका महाविद्यालयात तो रसायनशास्त्र शिकवतो. शहरातल्या आणि नदीकडच्या वस्तीतल्या नऊ विहिरींचे पाणी तो बारा वर्षे दर महिन्याला तपासत आला आहे. कठीणपणा, विरघळलेले क्षार, क्लोराइड, नायट्रेट. शिवाय पाण्याची पातळी, आणि समासात 'मोटर चालू होती', 'शेजारी गटार फुटले' असे शेरे. टाळेबंदीतले काही महिने सोडले तर सलग साडेबाराशे ओळी भरतील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शुक्रवार पेठ, दुधाळी या भागांत शिरले. त्याच्या आधीचे आणि नंतरचे विहिरीचे पाणी कसे होते, हे एकाच हाताने, एकाच पद्धतीने मोजलेले या वह्यांत आहे.

वह्यांबरोबर एक अर्जही होता. सहयोगी प्राध्यापकाच्या जागेसाठी गुणांची बेरीज करायची होती आणि त्याला ती माझ्याकडून तपासून हवी होती.

"सर, ह्या वह्या कुठं दाखवायच्या? कशात बसतंय ते बघा की."

मी चष्मा लावून तक्ता वाचला. कशातच बसत नव्हते.

हा तक्ता म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या नियमावलीला जोडलेले संशोधन-गुणांचे कोष्टक. त्या नियमावलीप्रमाणे सहयोगी प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीसाठी किमान सात शोधनिबंध आणि ७५ संशोधन-गुण लागतात, प्राध्यापकपदासाठी १२०. पुस्तकपरीक्षण लिहावे तसे मी या तक्त्याचे परीक्षण लिहितो आहे. अनेकांची नोकरी ज्या दोन-तीन पानांवर ठरली, त्यांची समीक्षा मात्र सहसा कोणी लिहीत नाही. आपला तर जन्म गुण देण्यात गेला. गुणपत्रिका तपासण्याचा अधिकार शिक्षकाइतका दुसऱ्या कोणाला असणार?

तक्त्यात विज्ञान शाखेतल्या शोधनिबंधाला मूळ ८ गुण आहेत. त्यापुढे नियतकालिकाच्या 'इम्पॅक्ट फॅक्टर'प्रमाणे वाढ: तो नसेल तर ५, एकपेक्षा कमी असेल तर १०, एक ते दोन असेल तर १५, आणि असे चढत दहाच्या वर असेल तर ३०. हा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय? एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा या वर्षी किती ठिकाणी उल्लेख झाला, याची सरासरी. युजीन गारफील्ड यांनी ही कल्पना मांडली आणि ग्रंथपालाला कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवायला ती उपयोगी पडली. त्या कामाला ते माप ठीक आहे. पण सरासरी नियतकालिकाची असते आणि गुण मिळतात एका लेखाला. दहावीच्या परीक्षेत मुलाची उत्तरपत्रिका न उघडता त्याच्या शाळेच्या निकालाची सरासरी काढून तेवढे गुण त्याला दिले, तर पालक आपल्या दारात येतील. इथे नेमके तेच केले आहे आणि दारात कोणी आलेले नाही.

पुढचा नियम गणिताच्या शिक्षकांनी मुद्दाम पाहावा. निबंधाचे लेखक दोन असतील, तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील, तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. आता बेरीज करा. एकट्याने लिहिले तर १०० टक्के वाटले जातात, दोघांनी लिहिले तर १४०. तिघे असतील तर १३०, आणि दहा जण असतील तर सत्तर अधिक नऊ गुणिले तीस, म्हणजे ३४०. जितकी नावे घालाल तितके गुण हवेतून निर्माण होतात. 'तुझ्या निबंधात माझे नाव घाल, माझ्यात तुझे घालतो' हा व्यवहार लोक बेइमान आहेत म्हणून चालतो असे समजू नये. कोष्टकच तो सुचवते. याउलट पाणी भरून आणणारा, तपासणारा, वही ठेवणारा माणूस लेखकांच्या यादीत नसेल तर त्याला शून्य.

तक्त्यात पुस्तकांना गुण आहेत, अनुवादाला आहेत, पीएच.डी.च्या मार्गदर्शनाला आहेत, प्रकल्पाच्या रकमेला आहेत. आंतरराष्ट्रीय पेटंटला १० आणि राष्ट्रीय पेटंटला ७ आहेत. (पेटंटही मुळात उघड करण्याचेच बक्षीस आहे, हे आपण विसरतो. कृती जाहीर लिहून द्या, बदल्यात वीस वर्षे हक्क घ्या.) दूरशिक्षणाचे पाठ तयार केले तर तेही मोजले जातात. पण मूळ नोंदी इतरांना वापरता येतील अशा ठेवल्या, प्रयोगाची कृती बारकाव्यांसह जाहीर केली, गणनेसाठी लिहिलेला संगणक-कार्यक्रम खुला केला, 'आम्ही करून पाहिले आणि जमले नाही' असा प्रामाणिक निकाल छापला, तर त्यासाठी एकही ओळ नाही.

आपण आपल्या मुलांना काय करायला लावतो ते आठवा. प्रमाणित केलेली प्रयोगवही जवळ नसेल तर बारावीच्या मुलाला प्रात्यक्षिक परीक्षेत अडचण येते. वहीला गुण असतात. वाचने आधी आणि निष्कर्ष नंतर, हे आपण ओरडून सांगतो, कारण उत्तर आधी लिहून वाचने मागाहून 'बसवणारी' मुले आपण रोज पाहतो. सतरा वर्षांच्या मुलाकडून आपण जी वही मागतो, ती सत्तेचाळीस वर्षांच्या संशोधकाकडून मागण्याचे व्यवस्थेला सुचत नाही. आणि त्याने आपणहून आणलीच, तर ती कुठे ठेवायची हे व्यवस्थेला माहीत नसते.

ही गोष्ट दिल्लीत कोणाला ठाऊकच नव्हती असे म्हणता येत नाही. १२ डिसेंबर २०१४ रोजी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने मिळून मुक्त प्रवेशाचे धोरण जाहीर केले. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचा निबंध सर्वांना विनामूल्य वाचता येईल अशा भांडारात ठेवावा, असे त्यात आहे. त्याच धोरणात असेही स्पष्ट लिहिले आहे की नेमणूक, बढती किंवा निधी देताना इम्पॅक्ट फॅक्टर वापरण्याची शिफारस हे विभाग करीत नाहीत. कामाचा गुण पाहावा, नियतकालिकाचे नाव नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोला २०१२ च्या डिसेंबरात जमलेल्या संपादक-शास्त्रज्ञांनी जो जाहीरनामा काढला, त्याचाच हा सूर आहे. आणि त्यानंतर चार वर्षांनी, त्याच भारत सरकारच्या दुसऱ्या दालनातून, इम्पॅक्ट फॅक्टरच्या पायऱ्या असलेला हा तक्ता बाहेर पडला. पहिला कागद सल्ला देतो, दुसरा पगार ठरवतो. संशोधक कोणता वाचणार हे विचारायला नको.

निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली की निबंध विकणारी दुकाने निघतात. ती आपल्याकडे निघालीही. 'पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या' अशी नियतकालिके स्वतःला मुक्त म्हणवतात, कारण लेख कोणालाही वाचता येतो. त्याची तपासणी मात्र कोणी केलेली नसते. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आयोगाच्याच मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांच्या शिफारशीने आत आलेली १,००९ नियतकालिके तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये मांडली. त्यानंतर त्याच विद्यापीठात 'केअर' नावाची नवी यादी ठेवण्याचे काम सुरू झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचे आयोगाने जाहीर केले. याद्या येतात, याद्या जातात. मोजायचे काय, हा प्रश्न आहे तिथेच आहे. ६ जानेवारी २०२५ रोजी आयोगाने नव्या नियमावलीचा मसुदा काढला. त्यात गुणांच्या बेरजेऐवजी उल्लेखनीय योगदानाची नऊ क्षेत्रे दिली होती: भारतीय भाषांतील अध्यापन, प्रयोगशाळा उभारणी, समाजसेवा, नवउद्योग वगैरे. दिशा बरी म्हणावी. पण नोंदी खुल्या करणे हे त्या नऊंतही वेगळे मोजलेले नव्हते.

माझ्या विद्यार्थ्याकडे परत येतो. चहा झाल्यावर त्याने एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना तो वह्यांकडे पाहत राहिला. काम सुरू केले तेव्हा त्याच विहिरींच्या जुन्या नोंदी त्याला हव्या होत्या. त्या विषयावर पूर्वी एक प्रबंध झाला होता आणि 'शोधगंगा' या सार्वजनिक भांडारात तो सापडलाही. २००९ च्या नियमांनी प्रबंधांच्या प्रती तिथे ठेवणे बंधनकारक केले, ही आपल्या देशातली खरोखर मोठी गोष्ट. पण प्रबंधात होत्या वार्षिक सरासऱ्या आणि रंगीत स्तंभालेख. महिन्यांचे आकडे नव्हते. लेखकाला शोधून विचारले, तर घर बदलताना कागद रद्दीत गेले होते. त्या दिवशी याने मनातल्या मनात त्या माणसाला बोल लावला. पुढे महापुरानंतर दूरच्या एका संशोधिकेने याला पत्र पाठवले. भूजलावर पुराचा परिणाम ती अभ्यासत होती आणि तिला याच्या नोंदी हव्या होत्या.

"मी 'बघतो' म्हटलं आणि उत्तरच दिलं नाही, सर. तिच्याकडं यंत्रं आहेत, माणसं आहेत. तिनं महिन्यात छापलं असतं. माझं काय राहिलं असतं?"

रागावावे असे मला वाटले, पण रागवता आले नाही. त्याचा हिशेब बरोबर होता. एका वहीतून सहा तुकडे पाडून सहा निबंध करायचे, त्यांपैकी तीन झालेत, तोवर वही कुलपात. हूक यांनी चौदा अक्षरे छापली, याने साडेबाराशे ओळी कपाटात ठेवल्या. फरक एवढाच की हूक यांनी दोन वर्षांनी कुलूप उघडले.

नोंदी खुल्या करा, असा उपदेश सर्वांना सारखाच करणे म्हणूनच मला पटत नाही. ज्याच्याकडे साधने आहेत त्याला दुसऱ्याची उघडी वही म्हणजे पर्वणी. ज्याच्याकडे फक्त वही आहे त्याने ती उघडली तर हातात काय उरते? श्रेयाची सोय न करता मोकळेपणा मागितला, तर लहान महाविद्यालयाने मोठ्या संस्थेला दान द्यावे असे होते.

हे कल्पनेतले नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, आपण सहलीला दाखवतो: ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. तिच्या निरीक्षणांना एक शहाणा नियम आहे. ज्याने वेळ मागून निरीक्षण केले, त्याच्याकडे ते साधारण दीड वर्ष राखीव असते, मग ते खुल्या संग्रहात जाते. आधी कष्टकऱ्याचा हक्क, नंतर सर्वांचा. या दुर्बिणीतून २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळ्या दृश्य आकाशाची पाहणी करण्यात आली. कच्च्या नोंदी संग्रहात पडून होत्या. त्या काढून ह्यूब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञाने आणि तीन सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने पुन्हा प्रक्रिया केली आणि २०१६ मध्ये सुमारे ६ लाख २० हजार रेडिओस्रोतांची यादी व आकाशाचे नकाशे सर्वांना विनामूल्य दिले. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी ती यादी वापरली. संग्रह बंद असता तर हे झालेच नसते, म्हणून खोडदच्या नियमाचे मला कौतुक आहे. पण पुढे जो तो उल्लेख करतो तो त्या निबंधाचा, आणि निबंधावर नावे चौघांची. यात त्या चौघांचा दोष नाही. त्यांनी घेतलेले कष्ट प्रचंड होते. रात्र-रात्र दुर्बीण चालवून ज्यांनी आकाश टिपले त्यांचे काम मोजणारे माप मात्र आपल्याकडे नाही.

मग असे माप असूच शकत नाही का? असते, आणि ते पाहायला मंगळवार पेठेतून फार लांब जावे लागत नाही. शिवाजी विद्यापीठात वनस्पतींचा संग्रह आहे. वाळवलेल्या, दाबलेल्या, कागदावर टाचलेल्या वनस्पती, प्रत्येकीखाली जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. जगातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना तो 'एसयूके' या खुणेने माहीत आहे. वनस्पतींच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम या बाबतीत फार कडक आहेत. नवी जाती सापडली म्हणून नुसता लेख लिहून चालत नाही. ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे ते, १९९० पासून, लेखातच सांगावे लागते. न सांगितले तर नाव ग्राह्यच धरले जात नाही. म्हणजे दुसऱ्याला तपासता येण्याची सोय ही शोधाची अट. आणि बक्षीस? जातीच्या नावापुढे नाव देणाऱ्याचे नाव कायमचे लागते. डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कंदीलपुष्पाच्या एका नव्या जातीला थोर वनस्पतिशास्त्रज्ञ मोहन राम यांच्यावरून 'सेरोपेजिया मोहनरामी' हे नाव दिले. आता जगात कुठेही ते नाव पूर्ण लिहायचे तर त्यापुढे यादव आणि सहकारी यांची नावे लिहावी लागतात. मोकळेपणाची सक्ती आणि श्रेयाची हमी एकाच नियमात बसवलेली. वनस्पतिशास्त्र यात रसायनशास्त्राच्या आणि पदार्थविज्ञानाच्या फार पुढे आहे. गंमत अशी की वर्गीकरणाची नियतकालिके इम्पॅक्ट फॅक्टरच्या पायरीवर सहसा खाली असतात. तेव्हा शेकडो वर्षे टिकणाऱ्या कामाला तक्ता कमी गुण देतो.

परदेशात काही प्रयोग झाले आहेत. 'सायकॉलॉजिकल सायन्स' या मानसशास्त्राच्या नियतकालिकाने २०१४ पासून नोंदी खुल्या करणाऱ्या लेखावर एक छोटा बिल्ला छापायला सुरुवात केली. पैसा नाही, बढती नाही. आपण वहीवर चांदणी काढतो तसा बिल्ला. त्याआधी तिथल्या तीन टक्क्यांहून कमी लेखांत नोंदी खुल्या केल्याचे नमूद असे. २०१५ च्या पहिल्या सहा महिन्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर गेले. मोठ्या माणसांनाही चांदणी लागते हे वाचून मला बरे वाटले. पण पुढची गोष्टही सांगायला हवी. बिल्ला मिळालेल्या २५ लेखांतले आकडे त्याच खुल्या नोंदींवरून पुन्हा काढून पाहण्याचा प्रयत्न काहींनी केला आणि तो २०२१ मध्ये छापला. लेखकांची मदत न घेता नऊ लेखांचेच आकडे जुळले. मदत घेतल्यावर आणखी सहांचे. बाकी दहांचे पूर्णपणे जुळलेच नाहीत. वही जमा झाली म्हणजे वही तपासली असे होत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्याच २०२१ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाने नेमणुकीत आणि बढतीत इम्पॅक्ट फॅक्टर न पाहण्याचे ठरवले. तिथल्याच काही प्राध्यापकांनी त्याला विरोध केला: मग मोजायचे कशाने? हा विरोध हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आकडा गेला की ओळख आणि वशिला पुढे येतात, ही भीती आपल्याकडे तर जास्तच खरी आहे. तक्ता वाईट असला तरी तो सर्वांना सारखा वाईट असतो, असे मला एक तरुण प्राध्यापिका म्हणाली होती. तिला उत्तर देणे सोपे नाही.

म्हणून मी तक्ता फाडा म्हणत नाही, त्यात एक ओळ घाला म्हणतो. आणि ती ओळ कशी नसावी हेही सांगतो. 'नोंदी भांडारात ठेवल्या: प्रत्येकी ५ गुण' अशी ती झाली, तर पुढच्या वर्षी भांडारे कचऱ्याने भरतील, तीच वही बारा तुकड्यांत बारा वेळा जमा होईल. गुण द्यायचे ते वही दुसऱ्याच्या हातात चालली तर. एकके लिहिली आहेत का, पद्धत सांगितली आहे का, हे त्या विषयाच्या दोन माणसांनी उघडून पाहावे आणि सही करावी, जशी आपण प्रयोगवहीवर करतो. दुसऱ्या कोणी ती वापरून काम केले की वही ठेवणाऱ्याच्या खात्यावर ते लागावे, लेखकांच्या यादीत त्याचे नाव असो वा नसो. आणि खोडदसारखा राखीव काळ मिळावा. एकट्या माणसाला कदाचित दीड वर्षापेक्षा जास्त.

यात आपला, म्हणजे शाळामास्तरांचा, काय संबंध असे कोणी विचारील. सरळ संबंध आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुली करण्याची ही योजना. महाविद्यालयांसाठी चांगलेच झाले. पण शाळा त्यात नाहीत. मी आणि तुम्ही वाचू शकतो ते संशोधकाने आपणहून उघडे ठेवलेलेच. नववीच्या मुलांना आपल्याच गावच्या विहिरीचे बारा वर्षांचे नायट्रेट आलेखावर काढता आले, तर पुस्तकातल्या काल्पनिक आकड्यांची गरज उरणार नाही. आणि विहीर शेजारी असली की मुले प्रश्नही वेगळे विचारतात.

त्या दिवशी अर्जाची बेरीज आम्ही दोनदा केली. वह्यांतून झालेल्या तीन निबंधांचे गुण धरले, वह्यांचे धरता आले नाहीत. मग मी त्याला सर्न या युरोपीय संस्थेने २०१३ पासून चालवलेल्या 'झेनोडो' भांडाराविषयी सांगितले. तिथे कोणालाही विनामूल्य नोंदी ठेवता येतात, प्रत्येक ठेवीला कायमचा क्रमांक मिळतो, आणि ठरावीक तारखेपर्यंत ती बंदही ठेवता येते. "म्हणजे आधी माझं नाव लागणार, मग उघडायचं?" त्याने विचारले. मी हो म्हटले. तो बराच वेळ गप्प बसला आणि निघताना पहिल्या दोन वह्या माझ्याकडे ठेवून गेला.

आमच्या शाळेतल्या नववीच्या चार मुली शनिवारी त्या संगणकावर उतरवतात. एक वाचते, एक टंकते, दोघी तपासतात. २०१४ चा मार्च झाला आहे. त्या महिन्यात एका विहिरीचे क्लोराइड एकदम दुप्पट दिसते. वाचन चुकले की खरेच काही घडले, यावर मुलींचे भांडण चालू आहे. समासात शेरा नाही. त्याला फोन करून विचारायचे आहे.